तुझा फोटो गावभर फिरला

माय, तुझा फोटो माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते. धान कापणीचे दिवस. या दिवसांत घरची सगळी माणसं बांधीत, धानाच्या शेतात असतात, त्यामुळे आमच्याकडे लेकरांची गर्दी असते. मोबाईल खिडकीत ठेवला होता, तो दोनदा थरथरला. पदराला हात पुसून पाहिलं, तर गावाच्या ग्रुपवर एक जुना, पिवळट फोटो आणि त्यावर काढलेला लाल गोल. गोलाच्या आत तू होतीस. तुझ्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, त्याला चौदा वर्षं झाली. आणि तू माझ्याकडे पाहत होतीस. तरुण, कपाळाला आठ्या, डोक्यावर टोपली, एका हातानं कोणाचं तरी लहानसं मनगट घट्ट धरलेलं. त्या लेकराचा फक्त हात फोटोत होता, बाकीचं अंग कापलं गेलं होतं. खाली लिहिलं होतं की ही बाई लेकरं पळवते, वरठी स्टेशनावर उतरली आहे, पवनीकडे येत आहे, हा मेसेज आपल्या माणसांना ताबडतोब पाठवा.

आपल्या घरात तुझा फोटो कधीच नव्हता. राशन कार्डावर एक होता, तो पुरात भिजून पांढरा पडला. चौदा वर्षं मी तुझा चेहरा फक्त आठवणीत पाहत होते, आणि आठवणीतला चेहरा हळूहळू माझ्याच चेहऱ्यासारखा व्हायला लागला होता. फोटो पाहिल्याबरोबर कळलं की तुझी हनुवटी मी विसरले होते. भुवईवरची बारीक खूण विसरले होते. लेकरं ताटल्या वाजवत होती, मदतनीस बाई दोनदा हाक मारून गेली, आणि मी खिडकीशी उभीच. पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा आनंद झाला. भीती त्याच्या मागून आली.

फोटोसोबत एक आवाजाचा मेसेज होता. एक माणूस अगदी शांतपणे बोलत होता, आपल्याच भागातल्या बोलीत. "बाईमानूस हाये. दारात येऊन पानी मागते. डाव्या पायानं लंगडते, हे ध्यानात ठेवा." त्याच्या मागे कोंबडा आरवत होता आणि मोटारपंपाचा आवाज येत होता. मी तो मेसेज पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. तू डाव्या पायानं लंगडायचीस. शिंगी माशाचा काटा टाचेत गेला आणि जखम चिघळली, तेव्हापासून शेवटपर्यंत. पण फोटो त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा होता. एका जागी उभ्या असलेल्या बाईच्या फोटोवरून ती लंगडते हे कोणाला कसं कळलं? मी नि माझा नवरा सोडून हे माहीत असणारं माणूस आता उरलं कोण?

घरी आल्यावर नवऱ्याला दाखवलं. त्यानं तुला पाहिलेलं, लग्नात तुझ्या पाया पडलेला. फोटो पाहून त्यानं आधी दार लोटून घेतलं. दिवसाउजेडी. म्हणाला, "चूप राय. कोनाले सांगू नको."

"माझी माय हाये ते."

"म्हनूनच म्हनून राहिलो. आज फोटो पाहून राहिले लोक, उद्या म्हनतील, पोरगी इथंच हाये तिची. अन् अंगनवाडीत लेकरं तुझ्याच हाताखाली हायेत. समजते का तुले?"

समजत होतं. मी गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले, माय, आणि त्या दोन दिवसांत तू गावभर फिरलीस.

पहिल्या दिवशी एकोणीस लेकरं होती. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी एकही नाही. खिचडी शिजवून आम्ही दोघी बसलो होतो, मदतनीस बाई आणि मी. भिंतीवरचे रंगीत आकडे, फळांची चित्रं, कोपऱ्यात रचलेल्या चटया, आणि कुठे आवाज नाही. मग मी घरोघरी निघाले. कापणीच्या दिवसांत दुपारी गाव तसंही रिकामं असतं, पण त्या दुपारी ते वेगळंच रिकामं होतं. प्रत्येक दाराला बाहेरून कुलूप. आणि कुलूप लावलेल्या घरांतून बारीक आवाज येत होते. आयाबायांनी लेकरांना आत कोंडून कामाला जायचं ठरवलं होतं. एका दाराच्या फटीत मला एक डोळा दिसला. मी म्हटलं, "मी हाये, अंगनवाडीची मॅडम." डोळा लगेच मागे गेला. आतून कोणी तरी कडी घट्ट केली.

आणि लोक तुला पाहायला लागले होते. किराणा दुकानातली बाई म्हणाली, सकाळच्या धुक्यात तलावाच्या पाळीवरून, बांधावरून चालत गेली, डोक्यावर टोपली. एका ट्रॅक्टरवाल्याला आसगावच्या रस्त्यावर दिसली, हॉर्न दिला तर वळून पाहिलं नाही. माझ्याच अंगणवाडीतली चार वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर बसून म्हणाली, ती आजी आमच्या खिडकीत आली होती, तिचे हात ओले होते. तुझे हात नेहमी ओले असायचे. मी त्या पोरीला विचारलं, कोणी सांगितलं तुला, तर ती नुसती हसली. प्रत्येक जण आपला मोबाईल काढून मला तुझा फोटो दाखवत होता, आणि प्रत्येक मोबाईलवर तू थोडी निराळी होतीस. हातोहात जाताना फोटो खराब होत होता. कुठे चेहरा काळा पडलेला, कुठे कोणी तुझे डोळे मुद्दाम मोठे केलेले. शेवटी मी पाहिला त्यात डोळ्यांच्या जागी दोन भोकं उरली होती, आणि तो दाखवणारी बाई म्हणाली, "पाय ना वं, नजरच कशी हाये."

तेव्हा मला तो दिवस आठवला. मी चौथीत असेन. आपल्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. मी शाळेतून आले आणि सांगितलं की ती करणी करते, तिनं शेजारणीचं वासरू मारलं. तू चुलीपुढे मासे खवलत होतीस. मान वर केली नाहीस. "कोनं सांगतलं?" मी एका मैत्रिणीचं नाव घेतलं. तू सुरी बाजूला ठेवलीस, आणि खवल्यांनी भरलेल्या हातानं माझा दंड धरून मला तिच्या घरी नेलंस. तिला आईनं सांगितलं होतं. आईला विहिरीवरच्या बाईनं. विहिरीवरच्या बाईला तिच्या जावेनं. पाच घरं झाली. लोक दारात येऊन पाहत होते, माझ्या दंडावर खवले चिकटून चमकत होते आणि मी रडत होते. पाचवं घर वासराच्या मालकिणीचंच निघालं. ती गोंधळून म्हणाली, "मी तं फक्त म्हनलं का म्हातारी ताक मागाले आली होती, अन् मंग सांजीले वासरू मेलं. दुसरं काई नाई म्हनलं, देवाशपथ."

परत येताना तू रागावली नाहीस, ते मला जास्त लागलं होतं. तू म्हणालीस, "म्हातारी आली हे खरं. वासरू मेलं हेही खरं. मधातला धागा कोनं ओवला?" मी म्हटलं, मला काय माहीत. "मंग बोललीस काहून?" घरी येऊन तू उरलेले मासे खवलून घेतलेस, त्यातला मोठा मरळ पळसाच्या पानात गुंडाळलास आणि मला त्या म्हातारीच्या दारात पाठवलंस. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. ती काय म्हणाली ते आठवत नाही, कारण मी पळून आले.

तर मी तसंच करायचं ठरवलं. मदतनीस बाईला विचारलं, तुला हा फोटो कोणी पाठवला? दिरानं. दिराला बचत गटातल्या एकीनं. तिला लाखांदूरकडच्या बहिणीनं. मी प्रत्येकाला फोन लावत गेले. काही जणांना रागच आला. "मॅडम, तुमाले काय करायचं हाये? खबरदारी म्हनून पाठवला. खोटा असला तं नुकसान काय?" एक जण तर म्हणाला की पाठवला नसता आणि कोणाचं लेकरू गेलं असतं तर पाप कोणाच्या माथी? वाईट हेतूनं पाठवणारा त्या सगळ्यांत मला एकही भेटला नाही, माय. सगळे काळजीनंच पाठवत होते. सातवा माणूस वरठीला कारखान्यात जाणारा होता. त्याला तो कोणत्या तरी अनोळखी नंबरवरून आला होता. त्यानं नंबर दिला.

दुपारी अंगणवाडीत बसून मी तो नंबर लावला. दोनदा नुसतीच रिंग गेली. तिसऱ्यांदा उचलला, पण कोणी बोललं नाही. मी म्हटलं, "हॅलो, त्या फोटोबद्दल विचारायचं होतं." पलीकडे शांत. मग लांब कुठे तरी कोंबडा आरवला, आणि त्याच्याखाली पंपाचा तो एकसुरी आवाज. मी म्हटलं, "ते बाई मेली हाये." बोलायचं हेच होतं की नाही मला ठाऊक नाही, तोंडातून निघालं. फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

मग मला आठवलं की मागच्या मासिक बैठकीत आमच्या पर्यवेक्षिका बाईंनी फोटो तपासायची रीत दाखवली होती. फोटो मोबाईलला द्यायचा आणि हा आधी कुठे आला आहे ते शोधायला सांगायचं. तेव्हा आम्ही सगळ्या मागे बसून शेंगदाणे खात होतो. मी तसं केलं, आणि पडद्यावर बायका यायला लागल्या. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या शंभर बायका, कुठल्या कुठल्या मुलखातल्या, कोणाची हनुवटी तुझी, कोणाच्या आठ्या तुझ्या, आणि त्यांतली एकही तू नाही. मी बोटानं सरकवत राहिले. रिकाम्या अंगणवाडीत त्या सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मासोळी घेताना तू मला सांगायचीस की डोळ्यांवर जाऊ नको, पाणी मारलं की मेलेल्या मासोळीचे डोळेही चमकतात, कल्ला उघडून पाहा. मी सरकवत राहिले. शेवटी तू आलीस. पूर्ण.

कोणा फिरस्त्या माणसाचं पान होतं ते. तलाव, बगळे, कमळं, असेच जुने फोटो टाकलेले. तुझ्या फोटोखाली इंग्रजीत एवढंच लिहिलेलं की मासे विकणारी बाई, भंडारा जिल्हा. त्यात लाल गोल नव्हता, आणि कापलेलं काही नव्हतं. तू ज्या लेकराचं मनगट धरलं होतंस ते पूर्ण दिसत होतं. सहा-सात वर्षांची पोरगी, कमरेपर्यंत भिजलेली, दुसऱ्या हातात कमळाचा देठ, तोंड रडवेलं. ती मी होते.

तो दिवस मला पाठ आहे, फक्त त्याचा फोटो असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी कमळासाठी तलावात उतरले, पाय गाळात रुतला आणि मी खाली जायला लागले. तू टोपली डोक्यावर ठेवूनच धावलीस. मला वर खेचलंस, तेव्हा पाळीवर एक शहरी माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. तू त्याच्यावर ओरडलीस, "फोटो कायले काढून राहिला? पोरगी बुडत होती दिसलं नाई का?" कपाळावरच्या त्या आठ्या त्याच्यासाठी होत्या. आता फोटोत तू मला ओढते आहेस हे खरंच आहे. कुठून ओढते आहेस, तेवढंच कोणी तरी कापलं होतं.

मी नवऱ्याला न विचारता पूर्ण फोटो ग्रुपवर टाकला. लिहिलं की ही माझी आई आहे, तिला जाऊन चौदा वर्षं झाली, फोटोतली पोरगी मी आहे, कृपया हा मेसेज थांबवा. मग एकानं लिहिलं, "आजकाल कम्प्युटरवर काहीबी बनवता येते मॅडम." दुसऱ्यानं विचारलं, "तुमी तिची बाजू काहून घेऊन राहिल्या?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझाच फोटो मला परत आला, दुसऱ्या गावच्या ग्रुपवरून. आता त्यात दोन लाल गोल होते. एक तुझ्या चेहऱ्याभोवती, एक माझ्या. खाली लिहिलेलं, हीच ती पळवलेली मुलगी, ओळखत असल्यास तिच्या आईवडिलांना कळवा. मी माझ्याच ओसरीवर बसून ते वाचलं. चाळीस वर्षांची बाई, पायाशी कोंबड्या, चुलीवर चहा, आणि मोबाईलमध्ये मी हरवलेली होते.

त्याच दिवशी दुपारी मदतनीस बाई धावत आली. धापा टाकत म्हणाली, "मॅडम, सापडली. पाळीवर सापडली, लोकायनं घेरली हाये."

"कोन सापडली?"

तिनं आपला मोबाईल काढून तुझाच फोटो माझ्यापुढे धरला. मी तिला पोलीस पाटलांना फोन लावायला सांगितलं आणि चप्पल न घालता निघाले. वाटेत बांधीच्या बांधी अर्धवट कापून सोडलेल्या होत्या, माणसं काम टाकून गेलेली. तलावाच्या पाळीवर पन्नासेक लोक असतील, बहुतेकांच्या हातात कापणीचे विळे तसेच. गर्दी अजून लांब होती तेव्हा कोणी तरी तिला ढकललं आणि ती दोन पावलं चालली. पाठमोरी. वाकलेली पाठ, खोचलेलं लुगडं, आणि डावा पाय किंचित ओढत टाकलेला.

मी थांबले, माय. तुला जाळलं त्या जागेवरची राख मी पाहिली होती, आणि तरी मी थांबले आणि मनात म्हटलं, ही आली. चौदा वर्षं लागली तिला यायला. एखादा श्वास घेण्याएवढा वेळ मला त्या सगळ्या मेसेजांपेक्षा जास्त खात्री होती.

मग ती वळली. तुझ्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. लांबट चेहरा, बसकं नाक, साठीची असेल. कधीपासून अशी फिरत होती देव जाणे. त्या आवाजवाल्या माणसानं कुठे तरी हिलाच पाहिलं होतं. लंगडणारी ही होती, फोटोतली तू होतीस, आणि दोघींना कोणी तरी एक केलं होतं. तिचं बोचकं उलगडून टाकलेलं. एक स्टीलचा गिलास, एक चोळी, आणि लेकराची लोकरीची टोपी. ती टोपी एका माणसानं विळ्याच्या टोकावर उचलून धरली होती. "लेकराची टोपी कायले हाये हिच्याजवळ? सांग ना!" ती बोलत नव्हती, तोंड उघडत होती आणि मिटत होती. दुसऱ्यानं मोबाईल तिच्या गालाला लावून धरला होता, तुझा चेहरा आणि तिचा चेहरा शेजारी शेजारी, आणि लोक वाकून वाकून पाहत होते आणि म्हणत होते, "हेच हाये. हेच हाये." कोणी तरी तिला मारलेलं होतं. ओठातून रक्त येत होतं.

मी मध्ये शिरले. म्हटलं, फोटोतली माझी माय आहे, ती मेली. कोणी ऐकेना. "मॅडम, तुमी बाजूले व्हा." म्हटलं, मृत्यूचा दाखला आहे, ग्रामपंचायतीत चला, दाखवते. "दाखले लय पाहिले." एकानं माझा हात धरून मला बाहेर काढायला सुरुवात केली. आणि तेव्हा माझ्या तोंडातून तुझी हाळी निघाली. मी ठरवलं नव्हतं. आयुष्यात कधी मी ती दिली नव्हती, तू जिवंत असताना मला तिची लाज वाटायची. "मासोळी घ्या वं माय, जित्ती मासोळी, मरळ घ्या वं, पान्यातली आत्ताची..." शेवटचा शब्द तू ओढायचीस तसाच ओढला गेला, तशीच मध्ये चीर पडली. तो माझा आवाज नव्हता. मला स्वतःला तो पाळीच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा ऐकू आला.

माझा हात धरलेल्यानं तो सोडला. एक म्हातारा शेतकरी पुढे आला. त्यानं त्या माणसाच्या हातातून मोबाईल घेतला, लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला. "अरे," तो म्हणाला, "हे तं मासोळीवाली. आसगावच्या बाजारात बसे ते. दर हप्त्याले आपल्या दारात ये, बाप्पा." मग आणखी एक म्हातारी म्हणाली, हो. मग तिसरी. वर्षानुवर्षं तू त्यांच्या दारात उभी राहिलीस, आणि त्यांनी टोपलीतच पाहिलं होतं, चेहऱ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पण विळ्यावर टोपी धरलेला माणूस तसाच उभा होता. "ठीक हाये, फोटोतली तुमची माय. मंग हे बुडी कोन?"

मी म्हटलं, "माझी मावशी."

विचार केला नाही. म्हटलं, मायची लहान बहीण, डोकं जरा फिरलेलं आहे, घरून निघून गेली होती, आम्ही शोधत होतो. आणि त्यांनी मानलं, माय. लगेच मानलं. फोटो मागितला नाही, दाखला मागितला नाही, इतकी वर्षं कुठे होती हे कोणी विचारलं नाही. त्या माणसानं टोपी विळ्यावरून काढून हातानं झटकली आणि बोचक्यात ठेवली. एका बाईनं चोळीची घडी केली. कोणी पाणी आणलं. ज्यानं मोबाईल गालाला लावला होता तो पुन्हा दोन्ही चेहरे पाहून म्हणाला, "हो ना, नाक पाय, बहिनीसारखंच हाये." तेच नाक. पाच मिनिटांपूर्वी त्या नाकासाठी ते तिला मारत होते. मी खरं पुराव्यानिशी सांगितलं तेव्हा मला ढकललं, आणि मनात आलं ते बोलले तेव्हा वाट करून दिली. माझी हाळी तरी कोणी तपासली? आवाजावर भरवसा ठेवला, जसा त्या पंपवाल्याच्या आवाजावर ठेवला होता. या वेळी तो बरोबर निघाला, एवढंच. हे मला अजून नीट गिळता येत नाही.

पोलीस पाटील आले. त्यांना मी बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्यांनी ठाण्यात कळवलं, दवाखान्यात नेऊन आणलं, तिला गाव विचारलं, नाव विचारलं. ती काही सांगू शकली नाही. ओळख लागेपर्यंत कुठे ठेवायची, असं ते म्हणाले तेव्हा माझा नवराच म्हणाला, "राहू द्या आमच्याकडं." दोन दिवसांनी अंगणवाडीत लेकरं परत आली. मारणाऱ्यांपैकी एकाची पोरगी सगळ्यांत आधी आली. कोणी माफी मागितली नाही. एक जण भाजीची जुडी ओसरीवर ठेवून गेला. ग्रुपवर कोणी तरी लिहिलं की मॅडमची मावशी सापडली, अभिनंदन, आणि खाली फुलांची चित्रं. तुझा फोटो अजून फिरतो आहे. परवा तो गोंदियाकडच्या एका गावात होता, असं कळलं.

ती माझ्याकडे आहे त्याला आता तीन महिने होतील. सकाळी ओसरीवर उन्हात बसते, लेकराची टोपी मांडीवर घेऊन. महिनाभर एक शब्द बोलली नाही. मग एकदा मी अंगणवाडीतून आले तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझी माय येऊन गेली. तू शाळेत होतीस." मी दारातच उभी राहिले. गावात तुझ्याबद्दल एवढं बोलणं झालं, तिच्या कानावर पडलं असेल. दुसरं काय असणार. मी आत जाऊन चहा ठेवला आणि दोन कप भरले. तिनं अजून दोनदा तसं सांगितलं आहे. एकदा म्हणाली, हात ओले होते तिचे.

हे मी अंगणवाडीच्या जुन्या वहीत लिहिते आहे, मागच्या कोऱ्या पानांवर. ही पानं कोणाला द्यायची नाहीत, फोटो काढून कुठे टाकायचीही नाहीत. फक्त एक राहिलं. पोलीस पाटील गेल्या आठवड्यात आले होते. म्हणाले, "मॅडम, सगळ्या ठाण्यांत कळवलं, कोनी आलं नाई. आता एकच उपाय हाये. हिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू. लोक पाठवतील एकमेकाले, चार दिवसात हिच्या घरापर्यंत जाईल." त्यांचं बरोबर होतं. त्या टोपीचं लेकरू कुठे तरी असेल, तिला शोधणारं कोणी तरी असेल. मी म्हटलं, टाकू नका, लोकांचा काही भरवसा नाही, पुन्हा काही तरी कापतील. तेही खरंच. मग ते म्हणाले, निदान एक काढून तुमच्याजवळ ठेवा, ठाण्यात द्यायला. मी म्हटलं, काढून पाहिला, तिचा चेहराच नीट येत नाही.

मी काढलाच नव्हता, माय. आणि तिचा चेहरा चांगला येईल.